लॉगबुक वाचल्याशिवाय आत येऊ नये

"तुमच्या वृद्धाश्रमात माणसांपेक्षा केळी जास्त आहेत," असं काकाजी पहिल्याच भेटीत म्हणाले, आणि मला त्यांचा राग आला. मी तिथली अधीक्षक. सेहेचाळीस म्हातारी माणसं माझ्या भरवशावर. आणि हा कोण कुठला रिटायर गृहस्थ, डोक्यावरचं पिवळं हेल्मेटही न काढता थेट स्वयंपाकघरात शिरून टोपल्यांत डोकावत होता. पण त्यांच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. तो रविवार होता. सकाळपासून तीन मंडळं येऊन गेली होती आणि तिघांनीही केळीच आणली होती. पिकलेल्या केळ्यांच्या वासाने आमची स्वयंपाकीणबाई वैतागली होती.

काकाजी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. तिथं ते शिफ्ट सांभाळायचे. पँट छातीपर्यंत ओढलेली, खिशात बॅटरी आणि दोन पेनं, एक निळं, एक लाल. स्कूटर चालवतानाही ते कारखान्यातलं पिवळं हेल्मेटच घालत. एकदा नागपुरात जरीपटक्याच्या चौकात पोलिसानं त्यांना अडवलं आणि म्हणाला, काका, ही टोपी वरून काही पडलं तर कामाची, तुम्ही खाली पडलात तर नाही. काकाजींना ते म्हणणं पटलं. "बरोबर बोलला पोट्टा," म्हणून त्यांनी दंड भरला आणि दुसऱ्या दिवशी तेच हेल्मेट घालून आले.

आता ते भिलाईला मुलीकडे असतात. दर शनिवारी त्यांचा फोन येतो. कशा आहात, पाऊस पडला का, असलं काही नाही. पहिलं वाक्य ठरलेलं: "मॅडम, लॉग काय म्हणते?"

हे लॉगचं प्रकरण सांगायला हवं, कारण काकाजी म्हणजे लॉगबुक. वीज केंद्रात एक शिफ्ट संपून दुसरी येते तेव्हा जाणारा माणूस येणाऱ्याला चार्ज देतो. काय चालू आहे, काय बंद आहे, कोणतं मशीन कुरकुर करतंय, सगळं वहीत लिहून ठेवतो. येणारा ते वाचतो, सही करतो आणि मगच कामाला हात लावतो. आमच्याकडे येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी काकाजींनी हीच पद्धत लावली. सकाळची ए शिफ्ट, दोन ते सहा बी शिफ्ट. कोण काय बोललं, कोणाचं काय दुखतं, कोण कशावर हसलं, ते जाणाऱ्यानं लिहायचं आणि येणाऱ्यानं वाचायचं. फाटकावर त्यांनी स्वतः रंगवून पाटी लावली: लॉगबुक वाचल्याशिवाय आत येऊ नये.

मी म्हटलं, "काकाजी, ही माणसं आहेत. मशीन नाहीत."

"म्हून त सांगून राहिलो. मशीनची आम्ही एवढी काळजी घेतो, अन् माणसाले रोज नवा माणूस येऊन तोच प्रश्न इचारते."

तो प्रश्न म्हणजे "मुलं कुठं असतात?" येणारा प्रत्येक जण हेच विचारायचा, तेही अगदी मायेनं. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमन आजोबा होते. वर सांगितलेल्या त्या रविवारी तिन्ही मंडळांनी त्यांना हाच प्रश्न विचारला. पहिल्यांदा त्यांनी नीट उत्तर दिलं. दुसऱ्यांदा नुसतं "रायपूरला" म्हणाले. तिसऱ्यांदा एका कॉलेजच्या मुलीनं त्यांचा हात हातात घेऊन विचारलं, तेव्हा आजोबा शांतपणे म्हणाले, "मेली सगळी." मुलगी ढसाढसा रडली. तिनं आजोबांचा फोटो चार ओळींसकट टाकला, तो फिरत फिरत रायपूरला पोचला आणि संध्याकाळी त्यांच्या धडधाकट मुलाचा फोन मला आला. काय काय ऐकून घेतलं ते मीच जाणे.

काकाजींनी हे सगळं त्याच दिवशी कोपऱ्यात बसून पाहिलं होतं. पुढच्या रविवारी ते दोनशे पानी वही घेऊन हजर झाले.

त्यांचा दुसरा नियम आणखी अवघड होता. सेवा करायला येणाऱ्याला ते आत घेत नसत. "सेवा करायची त मंदिरात जा गा. इथं कामाची माणसं बसली आहेत. तुमचं अडलेलं काम असन त घेऊन या." जरीपटक्यातले एक सिंधी कापड दुकानदार भर मे महिन्यात शाली वाटायला आले. नागपूरचा मे! काकाजींनी त्यांना शालीसकट परत पाठवलं आणि वर विचारलं, "तुमच्या घरी कोणतं काम पडून आहे ते सांगा." शेटजी आधी भडकले. आठवड्यानं मान खाली घालून आले, हातात मोठं गाठोडं. "काकाजी, बेटी की शादी है. साड़ियों को फॉल लगाना है. बाजार में कोई ढंग से नहीं लगाता." आमच्या चार आज्यांनी महिनाभर बसून फॉल लावले, आणि शेटजींच्या बायकोला टाके उसवून पुन्हा घालायला शिकवलं ते वेगळंच. लग्नाला चौघींना गाडी आली. त्या ज्या थाटात गाडीत बसल्या, तो थाट मी या आश्रमात त्याआधी पाहिला नव्हता.

फोटो काढणाऱ्यांचं आणि काकाजींचं वाकडं होतं. "फोटो पायजे का? कडुलिंबाचा काढा, तो हालत नाही," असं म्हणायचे. आणि कौतुकाच्या बाबतीत तर कमालीचे कंजूष. लॉगबुकात शेवटचा रकाना शेऱ्याचा, आणि तो फक्त काकाजींनी भरायचा. चूक असली तर लाल पेनानं सविस्तर. चांगलं झालं असलं तर निळ्या पेनानं एकच शब्द: नॉर्मल. शेटजींच्या साड्या पूर्ण झाल्या त्या दिवशीही नॉर्मल. स्वयंसेवक खट्टू व्हायचे. मीही एकदा भांडले. ते म्हणाले, "मॅडम, दोनशे मेगावॅटचं मशीन रातभर बिनतक्रार चाललं त आम्ही लॉगात काय लिहितो? नॉर्मल. त्याच्या वर शब्दच नाही." आणि एक सवय: कोणाजवळही गेले की हाताची मागची बाजू त्याच्या दंडाला टेकवायचे. मशीनचं बेअरिंग तापलं का ते असंच बघतात म्हणे. आजोबा लोक हसायचे, पण काकाजी पुढं गेले आणि हात लावायचा राहिला, तर हाक मारून आठवण द्यायचे.

आता अंजनाबाईंचं सांगते. खरं तर त्यांचंच सांगायला बसले आहे.

अंजनाबाईंना त्यांच्या पुतण्यानं आमच्याकडे आणून सोडलं. वय अठ्ठ्याहत्तर. लकव्याचा हलका झटका येऊन गेलेला, चालता यायचं, पण बाई भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. आठ महिने. जेवण अर्धं, बोलणं शून्य. डॉक्टर म्हणाले, जीभ ठीक आहे, बोलायचंच नाही त्यांना. लॉगबुकात त्यांच्या नावापुढं रोज एकच वाक्य असायचं: बोलल्या नाहीत.

बी शिफ्टला प्रशांत म्हणून एक जण यायचा. हिंगण्याला कारखान्यात कामाला, सकाळची ड्युटी करून मोटरसायकलवर तसाच यायचा, डबाही आमच्याच व्हरांड्यात खायचा. एके दिवशी त्याच्या डब्यात हॉटेलातली लांब रोटी होती. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: गव्हाची कणीक सैल भिजवून आपटून आपटून तार येईपर्यंत मळायची, गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवायचा, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर टाकायचा. रुमालासारखी पातळ रोटी होते. ती सगळ्यांना येत नाही. प्रशांतनं एक तुकडा अंजनाबाईंपुढं धरला. बाई वळल्या, उठून बसल्या, तुकडा उजेडात धरून पाहिला.

"हे रोटी नाही, रबर आहे. कोणं केली?"

आठ महिन्यांतलं हे पहिलं वाक्य. प्रशांतनं ते जसंच्या तसं लॉगात लिहिलं. दुसऱ्या दिवशी काकाजींनी वाचलं आणि एकेक गोष्ट शोधून काढली. अंजनाबाईंनी चाळीस वर्षं लांब रोट्याच केल्या होत्या. वस्तीतलं लग्न असो, नामकरण असो की तेरवी, मडकं यांचंच लागायचं. तिसऱ्या दिवशी काकाजी स्कूटरवर पुढ्यात मडकं घेऊन आले. आमच्या मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडली.

मग महिनाभर जे चाललं ते बघायला सगळा आश्रम खुर्च्या घेऊन यायचा. अंजनाबाई खाटेवर, आणि प्रशांत खाली परातीपुढं.

"आपट! अजून आपट! तुह्या कारखान्यातल्या साहेबाचं डोस्कं समजून आपट!"

"आजी, हात तुटले माह्ये."

"तुटू दे. कणकीले तार आली पायजे. मले पायजे तशी होत नाही तोवर तुले चहा नाही."

प्रशांतच्या पहिल्या रोटीचे मडक्यावर तीन तुकडे झाले. दुसरी त्याच्या खांद्यावर पडली. दहाव्या दिवशी एक आख्खी उतरली आणि अंजनाबाईंनी ती पूर्ण खाल्ली. त्या ताट चाटूनपुसून जेवायला लागल्या. भिंतीकडची खाट त्यांनी स्वतः ओढून खिडकीकडे आणली. मी ट्रस्टच्या अध्यक्षांना मुद्दाम फोन करून हे सांगितलं.

आणि मग ती दुपार. प्रशांतला कंपनीत जादा काम लागलं होतं, म्हणून बी शिफ्ट काकाजींनी स्वतः घेतली. ते आले तर अंजनाबाई अंगणात, पदर खोचून, चुलीपुढं बसलेल्या. "आज मी टाकतो," म्हणाल्या. काकाजींना इतका आनंद झाला की ते लहान पोरासारखे धावतच गेले. चूल पेटवली. कणीक त्यांनीच दिली. बाईंचे हात हवेत नाचायला लागले, रोटी लांबली, मडक्यावर पसरली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि रोटी पसरताना बाईंचं उजवं मनगट मडक्यावर टेकलं आणि तिथंच राहिलं. त्यांना कळलंच नाही. हसतच होत्या त्या. वास आला तेव्हा काकाजी ओरडले.

मी पाणी ओतलं, मलम लावलं, डॉक्टर बोलावला. तळहाताएवढं भाजलं होतं. संध्याकाळी लॉगबुक उघडलं तर सकाळच्या शिफ्टमधल्या शिक्षिकाबाईंनी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलेलं: अंजनाबाईंच्या उजव्या हाताला गरम-थंड कळत नाही. चहाचा कप लागला तरी समजलं नाही. चुलीशी बसल्या तर उजव्या बाजूला कोणीतरी बसावं.

ज्या माणसानं आम्हा सगळ्यांना ती वही वाचायला लावली, त्यानंच त्या दिवशी वाचली नव्हती.

त्याखाली काकाजींची नोंद होती, लाल पेनानं. "बी शिफ्ट. मागचा लॉग न वाचता काम सुरू केलं. माणूस भाजला. जबाबदार मी." लॉग न वाचणाऱ्याला त्यांनी ठरवलेली शिक्षा होती पंधरा दिवस फाटकाबाहेर. प्रशांतनं ती एकदा भोगली होती, लग्नानंतर नेमानं यायला लागलेल्या शेटजींनीसुद्धा. दुसऱ्या दिवशी बरोबर दोन वाजता काकाजींची स्कूटर आली. ती फाटकापुढच्या कडुलिंबाखाली लागली, आणि काकाजी समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसले ते सहा वाजेपर्यंत. हेल्मेट मांडीवर. मी बाहेर जाऊन हात जोडले, "आत चला, लोक हसतात." ते म्हणाले, "हसू द्या. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस."

त्यांचं हे नाटक मला परवडणारं नव्हतं, कारण आत भलतंच सुरू झालं होतं. भाजल्याचं मी कळवलं त्याच रात्री अध्यक्षांचा फोन आला: बाहेरच्या लोकांचे हे उद्योग बंद. त्यांनी फळं वाटावी, भजन म्हणावं आणि जावं. चौदा दिवसांनी समितीची बैठक, तोवर तुमचा अहवाल द्या. मी मडकं कोठीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी अंजनाबाईंनी खाट पुन्हा भिंतीकडे ओढली. चौथ्या दिवशी ताट तसंच परत आलं. लॉगबुकात ए शिफ्टनं लिहिलं: बोलल्या नाहीत.

मी ती वही घेऊन तणतणत टपरीवर गेले आणि काकाजींपुढं आपटली. "वाचा! इथं बसून शिक्षा भोगताय, आणि बाई तिकडं उपाशी मरतेय!"

त्यांनी वाचलं. वही मिटून माझ्याकडे दिली. मग म्हणाले, "माह्या चुकीची सजा तिले काहून, मॅडम? अहवालात माह्यं नाव टाका, खुशाल टाका. मडकं नका टाकू." आणि मी परत निघाले तेव्हा मागून हाक मारली. "अन् मशीन बंद करायच्या आधी ते चालवणाऱ्याले इचारतात. तिले कोणं इचारलं का?"

कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. मला स्वतःचीच लाज वाटली.

बैठकीच्या दिवशी समितीचे पाच जण आमच्या दिवाणखान्यात बसले. मी अहवाल वाचला. चूक कोणाची, नियम काय, काय सुधारलं, सगळं लिहिलं होतं, आणि शेवटी एक ओळ: ज्यांना चटका बसला त्यांचं म्हणणं ऐकावं. अध्यक्षांनी भुवया चढवल्या. मी थांबले नाही. जाऊन अंजनाबाईंच्या खाटेजवळ उभी राहिले आणि सांगितलं, तुमचं मडकं बंद करायचं का चालू ठेवायचं, ते तुम्ही येऊन सांगा. त्या भिंतीकडूनच म्हणाल्या, "मले इचारून राहिली?" मी म्हटलं, हो, उशीर झाला, पण विचारतेय. त्या उठल्या.

समितीपुढं त्यांनी दोन्ही हातांच्या बाह्या वर सारल्या. कोपरापर्यंत जुने डाग. त्या एकेकावर बोट ठेवत गेल्या. "हा पयल्या वर्षीचा, तवा शिकत होतो. हा माह्या पोरीच्या लग्नातला, आपल्याच घरच्या रोट्या होत्या, घाई झाली. हा मालक गेला त्या सालचा, तेरवीच्या तिसऱ्या दिवशी मडक्यावर बसलो होतो, करतो काय?" मग त्यांनी मनगटावरची पट्टी दाखवली. "अन् हा तुमच्या आश्रमातला. एवढ्या चटक्यांत हाच एक आहे ज्याले दुसऱ्या कोणं मलम लावलं. त्याच्यासाठी माह्यं मडकं काहून फोडता बापा?"

अध्यक्षांनी चष्मा पुसला, मग माझा अहवाल ओढून घेतला आणि खाली लिहिलं: चालू ठेवावे. उजव्या बाजूला एक माणूस सतत असावा. त्यांच्या सहीशेजारी मी माझी सही केली. आयुष्यात पुष्कळ कागदांवर सह्या केल्या, या एकीचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

दुसरा दिवस म्हणजे काकाजींचा पंधरावा. दोन वाजता स्कूटर कडुलिंबाखाली लागली. आत चूल पेटली. चारच्या सुमारास अंजनाबाई प्रशांतचा हात धरून फाटकाकडे निघाल्या. आल्या दिवसापासून त्यांनी ते फाटक ओलांडलं नव्हतं. प्रशांतच्या काखेत लॉगबुक आणि बाईंच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. मीही मागं गेले.

काकाजी उभे राहिले. "अजून दोन घंटे बाकी आहेत," म्हणाले.

"तुले आत ये म्हणलं का कोणं?" अंजनाबाई बाकावर बसत म्हणाल्या. "हे वाच. मोठ्यानं वाच, मले लिहिता-वाचता येत नाही. म्या सांगतलं, यानं लिहिलं."

काकाजींनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. "बी शिफ्ट. अंजनाबाई. आज माह्या हातानं अकरा रोट्या झाल्या. उजव्या हाताले समजत नाही म्हून मडकं डाव्यानं पाह्यलं. प्रशांत उजवीकडं बसला होता, हालला नाही. तीन रोट्या पोस्टमननं खाल्ल्या, त्याले पचत नाही त्याच्यावर ध्यान ठेवा."

शेवटची ओळ त्यांना मोठ्यानं वाचता आली नाही. ती प्रशांतनं वाचली: "एक रोटी फाटकावरच्या माणसाले."

काकाजींनी खिशातून निळं पेन काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. बाई म्हणाल्या, "काय लिहिलं गा त्यानं?"

"नॉर्मल," प्रशांत म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे, आजी, याच्या वर त्यांच्याकडं शब्दच नाही," मी सांगितलं.

बाईंनी फडकं उघडलं. रोटी अजून गरम होती. काकाजींनी ती दोन्ही हातांनी घेतली, उजेडात धरून पाहिली आणि उभ्या उभ्या खाल्ली. आता तरी आत चला, असं मी म्हटलं. त्यांनी घड्याळ दाखवलं. साडेचार झाले होते. टपरीवाल्यानं न सांगताच चहाचे दोन ग्लास पुढं केले, आणि अंजनाबाईंनी उजवा हात पुढं केला. काकाजींनी तो ग्लास मधेच धरला, त्यांच्या डाव्या हातात दिला, आणि बाकाला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. सहा वाजेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.